थांबण्याचे तास : भिलाईचा मालमोटार-चालक आणि कामाच्या वेळेचा कायदा

भिलाई पोलाद कारखान्याचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष स्वाभाविकपणे झोतभट्ट्या, रूळ बनविणारी गिरणी आणि सोव्हिएत साहाय्य यांकडे जाते. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी करार झाला, तेव्हा हा प्रदेश ज्या मध्य प्रदेशात होता त्याची राजधानी नागपूर होती. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, तेव्हा राजधानी भोपाळला गेली होती आणि नागपूर व दुर्ग यांच्यामध्ये राज्याची सीमा उभी राहिली होती. रस्ता मात्र तोच राहिला. पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६, ज्याचा क्रमांक २०१० च्या फेररचनेत ५३ झाला, त्याला दुर्ग-भिलाई-रायपूर भागात आजही ‘जी. ई. रोड’ म्हणजे ग्रेट ईस्टर्न रोड असेच म्हणतात. रूळ रेल्वेने जातात, दल्ली-राजहऱ्याचे लोहखनिज रेल्वेने येते. परंतु पोलादी पत्रे, सळया, तारा, जामूलचे सिमेंट आणि कारखान्याभोवती वसलेल्या लहान-मध्यम उद्योगांचा माल मोठ्या प्रमाणात मालमोटारींनी हलतो. हा माल नागपूरपर्यंत सुमारे २६० किलोमीटर आणि तेथून पुढे विदर्भ-खानदेशातून पश्चिम किनाऱ्यापर्यंत नेणारा चालक भिलाईच्या इतिहासलेखनात जवळजवळ आढळत नाही.

त्याची अनुपस्थिती आकस्मिक नाही. भिलाईतील श्रमाचा दीर्घकाळ अभ्यास करणारे मानववंशशास्त्रज्ञ जोनाथन पॅरी यांनी तेथील श्रमिकांच्या बोलीतूनच ‘नौकरी’ आणि ‘काम’ असा भेद उचलला आहे. कारखान्यातील कायम कामगाराकडे नौकरी असते. ठेकेदाराच्या मजुराकडे केवळ काम. पहिल्याला १९४८ च्या कारखाने अधिनियमाने आठवड्याला ४८ तासांची मर्यादा, साप्ताहिक सुट्टी आणि जादा कामाला दुप्पट वेतन दिले होते, आणि ते त्याला प्रत्यक्षात मिळतही होते. दुसऱ्यासाठी हीच कलमे बहुधा कागदावर होती, परंतु निदान तो फाटकाच्या आत होता, मोजला जात होता, संघटित होऊ शकत होता. मालमोटार-चालक या दोहोंच्या बाहेर, फाटकाशी रांगेत उभा. त्याच्यासाठी कायदा नव्हता असे मात्र नाही. उलट, त्याच्या कामाच्या तासांचा कायदा कारखाने अधिनियमाहूनही जुना आहे.

१९३९ च्या मोटार वाहन अधिनियमाच्या ६५ व्या कलमाने वाहतूक-वाहनाच्या चालकाला पाच तासांच्या सलग कामानंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती, दिवसाला नऊ आणि आठवड्याला ५४ तासांची मर्यादा घालून दिली होती. त्याच वर्षी जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेने रस्ते-वाहतुकीतील कामाच्या व विश्रांतीच्या वेळांविषयी ६७ क्रमांकाचा करार संमत केला. भारताने त्याला मान्यता दिली नाही. स्वातंत्र्योत्तर काळात १९६१ चा मोटार वाहतूक कामगार अधिनियम आला. त्याने दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तास हे प्रमाण ठरविले, लांब पल्ल्याच्या मार्गांसाठी सक्षम अधिकाऱ्याच्या संमतीने दहा व ५४ तासांपर्यंत मुभा दिली, दिवसाच्या कामाचा एकूण विस्तार बारा तासांत बसविला, रात्रमुक्काम करावा लागतो तेथे विश्रांतिगृहाची तरतूद केली. किमान वेतन अधिनियमाच्या अनुसूचीत ‘सार्वजनिक मोटार वाहतूक’ तर १९४८ पासूनच होती. एवढी तरतूद वाचल्यावर चालकाला कशाची उणीव होती, असा प्रश्न पडावा.

उत्तर त्याच अधिनियमाच्या व्याख्या-कलमात आहे, आणि ते कलम सावकाश वाचण्यासारखे आहे. ‘कामाचे तास’ म्हणजे कामगार ज्या काळात मालकाच्या वा त्याच्या सेवेवर हक्क असणाऱ्या अन्य व्यक्तीच्या स्वाधीन असतो तो काळ, अशी उदार सुरुवात करून कलम त्यात समाविष्ट गोष्टी सांगते : वाहन चालू असतानाचे काम, अनुषंगिक काम, आणि अंतिम स्थानकांवरील पंधरा मिनिटांहून कमी काळाची नुसती हजेरी. पंधरा मिनिटांहून अधिक हजेरीचे काय, हे कलम सांगत नाही. गप्प राहून ते तिला दाराबाहेरच ठेवते, असेच बहुतेक मालकांचे वाचन असणार. ही भाषा ठरलेल्या वेळापत्रकाने धावणाऱ्या प्रवासी गाडीसाठी घडविलेली आहे. ज्या गाडीला आगाराचा नियंत्रक आहे, सुटण्याची वेळ आहे, वाहक आहे, तिच्या बाबतीत ‘नुसती हजेरी’ पंधरा-वीस मिनिटांचीच असते. पोलादाच्या साठवण-आवाराबाहेर उभ्या असलेल्या ट्रेलरला ती रात्रभराची, कधी दोन दिवसांची असते.

१९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाने यात भर घातली. त्याच्या ९१ व्या कलमाने तासांची मर्यादा १९६१ च्या अधिनियमावर सोपविली. परंतु त्याच कलमाच्या शेवटच्या पोटकलमाने राज्य शासनाला असा अधिकार दिला की, चालक कामात गुंतलेला नसला तरी त्याला वाहनावर किंवा वाहनाजवळ राहणे भाग असेल, तर असा काळ कोणत्या परिस्थितीत विश्रांतीचा मानावा हे ठरवावे. बिल्टी हातात येईपर्यंत चालकाला गाडी सोडता येत नाही. डिझेलची चोरी, सुटे चाक, ताडपत्री, दोरखंड, पुढची गाडी सरकली की आपली सरकवणे, या सर्व गोष्टी त्याच्या माथी असतात. हा काळ विश्रांती ठरविता येतो, ही कल्पना कायद्यात कोठून आली असावी याचा शोध उद्बोधक ठरेल. ती चालकाच्या अनुभवातून आलेली नाही एवढे निश्चित.

थांबण्याची मजुरी हा भिलाईच्या परिसराला अपरिचित विषय नाही. कारखान्याच्या दल्ली-राजहरा येथील खाणींतील ठेका-मजुरांनी १९७७ मध्ये शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली छत्तीसगड माइन्स श्रमिक संघ स्थापन केला, तेव्हा त्यांच्या मागण्यांत झोपडी-दुरुस्तीच्या भत्त्याबरोबर काम उपलब्ध न झालेल्या दिवसाची मजुरीही होती. मजूर हजर आहे, ठेकेदाराकडे काम नाही. तर तो दिवस कोणाच्या खात्यात मांडायचा, हा प्रश्न त्यांनी नेमका ओळखला होता. २ व ३ जून १९७७ च्या गोळीबारात अकरा जण मृत्युमुखी पडले, तरी आंदोलन मागे हटले नाही. मालमोटार-चालकाच्या मजुरीत असे कलम सर्वसाधारणपणे नाही. गाडी अडकून पडली तर ग्राहकाकडून मिळणारे थांबणावळीचे पैसे, मिळालेच तर, गाडीमालकाच्या हिशेबात जमा होतात.

कारण चालकाची मजुरी तासांवर बेतलेलीच नाही. ती खेपेवर बेतलेली असते. महिन्याचा थोडा स्थिर पगार, खेपेमागे ठरलेला भत्ता, दररोजची खुराकी, आणि प्रवासखर्चासाठी दिलेल्या ठोक रकमेतून जे वाचेल ते, अशी ती जुळते. ठोक रकमेत डिझेल, पथकर, वाटेतील ‘किरकोळ’ सर्व काही येते; तेलाची सरासरी राखली तर चालकाचे चार पैसे सुटतात. फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग अनिवार्य झाल्यावर पथकर थेट मालकाच्या खात्यातून जाऊ लागला आणि चालकाच्या हातातील रोकड तेवढी आटली. अशा रचनेत तासांची मर्यादा चालकाला संरक्षण वाटत नाही, मजुरीतील कपात वाटते. आवाराबाहेर गेलेले दोन दिवस फुकट गेलेले असतात. ते रस्त्यावर, रात्री, झोप मोडून भरून काढावे लागतात. तपासनीसांची संख्या अपुरी होती हे खरेच. परंतु प्रत्येक ढाब्यावर तपासनीस बसविला असता तरी खेपेचा हिशेब बदलला नसता. येथे अमेरिकेचे उदाहरण उपयोगी पडते. तेथे चालनाचे तास काटेकोर ठरलेले आहेत, डिसेंबर २०१७ पासून त्यांची नोंद यंत्राने होते. तरी मजुरी बहुधा मैलावर असल्याने गोदामाच्या दारात वाया गेलेल्या वेळेची तक्रार तेथील चालकही करतात.

मग चालक संघटित का झाला नाही? महाराष्ट्राशी केलेली तुलना येथे बोलकी आहे. त्याच मालमोटारीत माल भरणाऱ्या-उतरविणाऱ्या हातांसाठी १९६९ चा माथाडी अधिनियम झाला. अण्णासाहेब पाटील यांचे मुंबईतील नेतृत्व आणि पुण्यात डॉ. बाबा आढाव यांची हमाल पंचायत यांनी मंडळे, नोंदणी, भविष्यनिधी या गोष्टी पदरात पाडून घेतल्या. हमालाला बाजार होता, धक्का होता, ज्या ठिकाणी काम बंद पाडता येईल असे एक ठिकाण होते. चालकाचे ठिकाण रोज बदलते. नागपूरच्या हुंडेकऱ्याचा माल, भिलाईचा गाडीमालक, बिहारचा चालक आणि गुजरातेतील ग्राहक, अशी साखळी असेल तर तक्रार कोणत्या राज्याच्या श्रम कार्यालयात नोंदवायची, हेच सुटत नाही. शिवाय १९६१ चा अधिनियम पाच वा अधिक कामगार असलेल्या उपक्रमांनाच आपोआप लागू होत असे, आणि देशातील बहुसंख्य गाडीमालक हे एक-दोन-तीन गाड्यांचे धनी आहेत. त्यांतील कितीतरी जण काल स्वतः चालक होते; आजही अडल्या वेळी तेच स्टेअरिंगवर बसतात. अशा मालकाला शोषक म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण भाड्याचे दर तो ठरवीत नाही.

राज्यसंस्थेने या काळात काय केले, याचा आलेख सरळ नाही. राष्ट्रीय परवान्याच्या मालमोटारीवर किमान दोन चालक असावेत, आणि दुसऱ्याला आडवे होता येईल अशी जागा असावी, असा केंद्रीय मोटार वाहन नियमांतील दंडक होता. दुसरा चालक पुष्कळदा परवान्याच्या कागदावरच असे. त्याच्या जागी क्लीनर बसे. नोव्हेंबर २०१८ मध्ये हा दंडकच वगळण्यात आला. त्याच वर्षीच्या जुलैत आसभाराची मर्यादाही वाढविली होती, म्हणजे तेवढाच माल कमी खेपांत जाऊ लागला. सेव्ह लाइफ फाउंडेशनने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या, दहा शहरांतील १,२१७ चालकांच्या पाहणीत चालनाची दैनिक सरासरी सुमारे बारा तास व ४१७ किलोमीटर निघाली. निम्म्या चालकांनी थकवा वा झोप असतानाही गाडी चालविल्याचे सांगितले, आणि सुमारे ८४ टक्क्यांनी आपल्या मुलाबाळांना, नातलगांना हा व्यवसाय सुचविणार नाही असे म्हटले. २०२१ मध्ये केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी वैमानिकांप्रमाणे मालमोटार-चालकांचेही तास ठरवावेत, असे मत मांडले. जी गोष्ट १९३९ पासून कायद्यात होती ती नव्याने ठरविण्याची भाषा करावी लागावी, यातच त्या कायद्याचे चरित्र आले. डिसेंबर २०२३ मध्ये नव्या मालमोटारींच्या वातानुकूलित केबिनची अधिसूचना निघाली. सुधारणा स्वागतार्ह, पण केबिन थंड झाल्याने खेपेचा दर वाढत नाही.

१ व २ जानेवारी २०२४ रोजी जे घडले ते म्हणूनच लक्षणीय आहे. एप्रिल २००३ आणि जुलै २०१८ चे देशव्यापी चक्का जाम गाडीमालकांच्या संघटनांनी पुकारले होते. विषय कर, डिझेल, पथकर यांचे होते. या वेळी रस्त्यावर उतरले ते चालक, आणि बव्हंशी स्वतःहून. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ (२) नुसार अपघातानंतर पोलिसांना न कळविता पळून जाणाऱ्यास दहा वर्षांपर्यंत शिक्षा होणार होती. जुन्या दंडसंहितेच्या ३०४-अ मध्ये मर्यादा दोन वर्षांची होती. महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड येथे पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. २ जानेवारीच्या रात्री केंद्रीय गृहसचिवांनी चर्चेशिवाय कलम लागू न करण्याचे आश्वासन दिले, आणि १ जुलै २०२४ रोजी संहिता अमलात आली तेव्हा ते पोटकलम वगळून आली. दोन दिवसांत एवढा परिणाम साधणाऱ्या या चालकांच्या मुख्य मागणीत तास नव्हते, मजुरीही नव्हती. झोप न झालेल्या माणसाला अपघाताची शिक्षा किती, एवढाच प्रश्न चर्चेला आला. झोप का झाली नाही, हा आला नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी चार श्रमसंहिता अमलात आल्या आणि १९६१ चा अधिनियम व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत विलीन झाला. या संहितेने मोटार वाहतूक उपक्रमाला ‘आस्थापना’ मानण्यासाठी कामगारांची किमान संख्या दहा धरली आहे. भिलाईतील तीन गाड्यांचा मालक आपल्या तीन चालकांसह आणि तीन क्लीनरांसह जुन्या अधिनियमाच्या कक्षेत येत होता. नव्या व्याख्येत तो येत नाही.