भिंतीवरची ओल कुणाची?

आजचा एपिसोड माझ्या वैतागातून आलाय. पुण्यातला फ्लॅट सोडताना मालकांनी डिपॉझिटमधले १५ हजार कापले, कारण बेडरूमच्या भिंतीवरची काळी बुरशी. मी म्हटलं, "काका, वरच्या टेरेसचं पाणी झिरपतंय." ते म्हणाले, "तुम्ही खिडक्याच उघडत नाही." खरं सांगायचं तर दोन्ही खरं होतं. पण पैसे माझेच गेले.

मग शोधत शोधत मी थेट १८८२ सालात पोचलो. त्या वर्षीच्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातलं कलम १०८ म्हणतं की नेहमीची झीज सोडली तर भाडेकरूने घर घेतलं तसं परत द्यावं. मालकावर बंधनकारक असलेली दुरुस्ती त्याने सांगूनही केली नाही, तर आपण करून खर्च भाड्यातून वळता करावा. आता बंधनकारक म्हणजे कुठली? ते मुख्यतः करारात काय लिहिलंय त्यावर.

१९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने हे स्पष्ट केलं: वेगळं ठरलं नसेल तर घर राहण्याजोगं ठेवणं मालकाचं काम. पण त्याच कायद्याने जुन्या घरांची भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवली. इथे सगळी गंमत आहे (गंमत कसली म्हणा). गिरगाव-परळच्या चाळींचं छप्पर शाकारायला जो खर्च येई, तो त्या भाड्यातून निघेना. मालकांनी हात वर केले, आणि ओल मुरत राहिली. १९९९ च्या नव्या कायद्यातही १५ दिवसांची नोटीस देऊन भाडेकरू स्वतः दुरुस्ती करू शकतो, पण वळती करायची ती वर्षाच्या भाड्याच्या पाव हिश्शापर्यंतच. समजा भाडं महिना ४० रुपये. म्हणजे वर्षाला १२० रुपये मिळणार. त्यात प्लास्टरचं एक पोतं तरी येईल का?

शेवटी सरकारच मध्ये पडलं. १९६९ च्या कायद्याने बेटावरच्या १९,६४२ जुन्या इमारतींवर सेस बसला, आणि दुरुस्ती एका मंडळाकडे गेली. तेच काम पुढे म्हाडाकडे आलं. पण ती दुरुस्ती इमारतीच्या सांगाड्याची. खोलीतली बुरशी तिच्यात कुठे बसणार!

आता माझं काय? माझा करार 'लीव्ह अँड लायसन्स'चा, ११ महिन्यांचा. म्हणजे कायद्याच्या भाषेत मी भाडेकरूच नाही, लायसेन्सी! त्यामुळे १९९९ च्या कायद्यातली ती १५ दिवसांची नोटीस माझ्या कामाची नाही. मला लागू पडतो पुन्हा १८८२ चाच एक कायदा, सुविधाधिकारांचा. तो मालकाला एवढंच सांगतो की जागेत धोकादायक दोष असेल आणि तुला माहीत असेल, तर आधी सांग. दुरुस्ती कुणी करायची, ते करारात बघा. माझ्या करारात लिहिलं होतं, 'जागा चांगल्या स्थितीत ठेवावी'. कुणी? लायसेन्सीने. सही माझीच, न वाचता केलेली.

नव्या घराच्या करारात मी एक ओळ घालून घेतलीये: बाहेरून येणारी गळती मालकाकडे. काकू सही करताना हसल्या. म्हणाल्या, "पाऊस तर येऊ दे." आता जूनमध्ये बघू.