एरो (डेस्कटॉप थीम)

विंडोज व्हिस्टाबरोबर जानेवारी २००७ मध्ये सर्वसामान्य ग्राहकांपर्यंत पोहोचलेली थीम. विंडोच्या कडा काचेसारख्या. त्यांच्याआडून मागचा मजकूर धूसर दिसे. ‘थीम जड, म्हणून संगणक मंद’ हा समज हिच्यामुळे पक्का झाला, पण तो तपासून घेतला पाहिजे. एक्सपीपर्यंत सगळ्या विंडो थेट एकाच पडद्यावर रंगवल्या जात. वरची विंडो सरकवली की उघडा पडलेला भाग खालच्या प्रोग्रॅमला पुन्हा रंगवावा लागे, आणि तो प्रोग्रॅम अडकलेला असेल तर सरकत्या विंडोचे ठसे पडद्यावर एकामागून एक उमटत जात. एरोमध्ये प्रत्येक विंडो मेमरीत वेगळी रंगवली जाते आणि ग्राफिक्स चिप त्या सगळ्यांची जुळणी करते. त्यामुळे ठसे गेले आणि प्रोसेसरचे हे कामही वाचले.

बोजा पडला तो मेमरीवर. १२८० × १०२४ पिक्सेलच्या पडद्यावर, दर पिक्सेलला ४ बाइट धरले तर पडदाभर विंडोला ५ एमबी लागतात. व्हिस्टात बहुतेक विंडोंची एक प्रत मुख्य मेमरीत आणि दुसरी ग्राफिक्स मेमरीत राही. ज्या चिपला स्वतःची मेमरी नाही, तिथे दोन्ही प्रती रॅममध्येच. अशा दहा विंडो म्हणजे १०० एमबी, १ जीबी रॅमचा जवळजवळ दहावा हिस्सा. विंडोज ७ मध्ये (२००९) नव्या ड्रायव्हर-रचनेमुळे मुख्य मेमरीतली प्रत काढता आली. काच तीच राहिली, खर्च निम्म्यावर आला. दोष दिसण्यात नव्हता, जुळणीच्या रचनेत होता, याचा इतका स्पष्ट पुरावा दुसरा नाही. थीम बंद केल्यावर यंत्र चपळ होते, हा आक्षेप अनुभवाचा आहे आणि कमी रॅमच्या यंत्रांपुरता खराही आहे. मात्र त्या चपळाईचा काही भाग विंडो उघडण्या-मिटण्याची हालचाल गेल्यामुळे असतो. तिथे वाट पाहणे कमी होते, काम तेवढेच राहते. विंडोज ८ ने (२०१२) काच काढली, पण जुळणी ठेवली, इतकेच नव्हे तर ती बंद करण्याची सोयच काढून टाकली. बोजा काचेपुरताच मानणाऱ्यांनी याचा विचार करावा. व्हिस्टाच्या एकूण संथपणात एरोचा वाटा किती, यावर मतभेद आहेत.

खटला : २००६ मध्ये विक्रीतल्या संगणकांवर ‘व्हिस्टा केपेबल’ असे स्टिकर लावले गेले. त्यासाठी ५१२ एमबी रॅम पुरे. एरोसाठीच्या ‘प्रीमियम रेडी’ला १ जीबी हवी होती. इंटेलच्या ९१५ चिपसेटवर एरो चालत नसे, तरी त्या यंत्रांना पहिले स्टिकर मिळाले. २००७ मध्ये सिएटलच्या संघराज्य न्यायालयात ग्राहकांनी मायक्रोसॉफ्टवर दावा लावला. फेब्रुवारी २००८ मध्ये त्याला सामूहिक दाव्याचा दर्जा मिळाला, फेब्रुवारी २००९ मध्ये तो काढून घेण्यात आला. मधल्या काळात कंपनीचे अंतर्गत ई-मेल उघड झाले. त्यांत खुद्द अधिकारीच ९१५ बद्दल नाराज दिसतात.

इतर प्रणाली : मॅक ओएस एक्समध्ये चिपद्वारे जुळणी १०.२ आवृत्तीपासून (२००२). लिनक्सवर कॉम्पिझ (२००६).