डेव्हिड आयर्स : हौशी गोलरक्षकाची कारकीर्द

कॅनडातील व्हिटबी येथे १९७७ मध्ये जन्मलेले डेव्हिड आयर्स हे आइस हॉकीचे हौशी गोलरक्षक होत. २००४ मध्ये त्यांच्यावर मूत्रपिंड प्रत्यारोपण झाले. मूत्रपिंड आईने दिले. पुढे टोरंटोत क्रीडागृहातील बर्फाची देखभाल करताना ते टोरंटो मेपल लीफ्स संघाच्या सरावातही गोलरक्षण करीत.

नॅशनल हॉकी लीगच्या सामन्यात संघाचे दोन्ही गोलरक्षक जायबंदी झाल्यास त्या काळी स्थानिक राखीव गोलरक्षकाला पाचारण केले जात असे. २२ फेब्रुवारी २०२० रोजी टोरंटोत कॅरोलिना हरिकेन्स संघावर ही वेळ आली आणि ४२ वर्षीय आयर्स मेपल लीफ्सविरुद्धच उभे राहिले. पहिल्या दोन्ही फटक्यांवर गोल झाले. नंतरचे आठही त्यांनी अडवले. कॅरोलिनाने सामना ६-३ असा जिंकला. लीगच्या नियमित हंगामात पदार्पणातच विजय मिळवणारे ते सर्वांत वयस्कर गोलरक्षक ठरले.