रीम्सच्या भिंती

फ्रान्समधील रीम्स शहराच्या पश्चिमेस शेतांमधून जाणारा सुमारें ५ मैलांचा एक त्रिकोणी मार्ग आहे. १९२६ सालापासून तेथें मोटारींच्या शर्यती भरत. शर्यतीपुरता रस्ता बंद, एरवीं तोच गांवकऱ्यांचा. १९५३ सालीं ६० फेऱ्यांअखेर इंग्लंडच्या हॉथॉर्ननें अर्जेंटिनाच्या फान्जिओस अवघ्या एका सेकंदानें मागें टाकलें, तें येथेंच. १९७२ सालीं शर्यती थांबल्या. उरल्या त्या प्रेक्षकांच्या सज्जांच्या व मोटारी दुरुस्त करण्याच्या गाळ्यांच्या ओसाड भिंती. उन्हापावसानें त्यांवरील रंग विटले.

एकविसाव्या शतकाच्या आरंभीं कांहीं हौशी मंडळींनीं त्या भिंती सावरल्या आणि त्यांवरील अक्षरें पुन्हा रंगविलीं. अक्षरें तरी कसलीं? तेल व टायर विकणाऱ्या कंपन्यांचीं नांवें! जाहिरातीस स्मारकाचा मान द्यावा काय, असें आपण विचाराल. माझ्या मतें अवश्य द्यावा. जेत्यांचीं नांवें ग्रंथांत सांपडतात. या खेळास पैसा कोण पुरवीत होतें, तें मात्र या भिंतींवर वाचावें. रंग नवा आहे, हा आक्षेप खरा. पण देवळास दरवर्षीं जुनाच चुना कोण लावतो?

रस्ता आजही वाहता आहे. एका अंगास सज्जे, दुसऱ्या अंगास गाळे, आणि मधून गांवचीं वाहनें जातात.