ज्वारीच्या दाण्याएवढा कोंबडा

दिवाळीत सातारा-सांगलीच्या अंगणांत मातीचे किल्ले उभे राहतात. उतारावर अळीव हिरवागार होतो आणि कुंभाराकडून आणलेली चित्रे तटावर पहारा देतात. या मातीच्या मावळ्याच्या खांद्यावर पलटणीचे निशाण नसते. अंगरखा आणि पागोटे एवढ्यावर त्याची ओळख पटते.

दुसऱ्या महायुद्धातील सैनिकांच्या प्रतिकृती मांडून लढाईचा खेळ खेळणाऱ्यांचे मात्र एवढ्यावर भागत नाही. एकाच साच्यातून निघालेला, एकाच खाकी रंगाचा सैनिक कोणत्या सैन्याचा, हे तेथे चिन्हावरूनच ठरते. त्यांतले एक चिन्ह थेट या दोन जिल्ह्यांच्या इतिहासाशी येऊन भिडते. हा धागा त्या चिन्हाविषयी.

प्रथम मापाचा हिशेब. बहात्तरास एक या प्रमाणात सहा फुटी सैनिक जेमतेम २५ मिलिमीटरचा होतो. खांद्यावरची सहा सेंटिमीटरची कापडी पट्टी एक मिलिमीटरहूनही लहान होते, आणि मोटारगाडीवर रंगवलेले वीतभर चिन्ह ज्वारीच्या दाण्याएवढे उरते. इतके बारीक चित्र कुंचल्याने काढणे बहुतेकांच्या हाताबाहेरचे. म्हणून ट्रान्सफर, म्हणजे डिकॅल. विरघळणाऱ्या डिंकाचा थर दिलेल्या कागदावर, पातळ पापुद्र्यावर ते चित्र छापलेले असते. कागद पाण्यात भिजला की डिंक सुटतो आणि पापुद्रा कुंचल्याच्या टोकाने प्रतिकृतीवर सरकवता येतो.

ही युक्ती खेळण्यांसाठी जन्मली नाही. छापलेले चित्र कागदावरून चिनी मातीच्या वस्तूंवर उतरवण्याचे तंत्र इंग्लंडात अठराव्या शतकाच्या मध्यालाच रुळले होते. प्लास्टिकचे जोडसंच आले, तेव्हा ट्रान्सफर त्यांच्या खोक्यात जाऊन बसले.

लावण्याची रीत सोपी, पण घाई केली की फसते. खडबडीत रंगावर पापुद्रा टेकवला तर खाली हवा अडकते आणि चित्राभोवती चंदेरी कडा उमटते. म्हणून आधी चकचकीत व्हार्निशचा हात द्यायचा, चित्र अगदी कडेलगत कापायचे, जागी बसल्यावर पाणी टिपून घ्यायचे आणि शेवटी निस्तेज व्हार्निशने सारे एकजीव करायचे. काम साधले म्हणजे चित्र चिकटवलेले वाटत नाही, रंगवलेलेच वाटते.

आता तो कोंबडा. पिवळ्या वर्तुळात लाल झुंजार कोंबडा हे २३ व्या भारतीय डिव्हिजनचे चिन्ह. डिव्हिजनचा क्रमांक उघडपणे न लिहिता आपली माणसे आणि गाड्या ओळखू याव्यात, यासाठी अशी चित्रे वापरली जात. या डिव्हिजनच्या ४९ व्या ब्रिगेडमध्ये पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या दोन पलटणी होत्या, चौथी आणि सहावी. या रेजिमेंटला माणसे पुरवण्यात सातारा जिल्हा फार पूर्वीपासून अग्रेसर होता. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाचे ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले, आणि गावाच्या नावाला ‘मिलिटरी’ हा शब्द कायमचा जोडला गेला.

मार्च १९४४ मध्ये मणिपूरच्या डोंगरांतील सांगशाक येथे चौथी मराठा ५० व्या पॅराशूट ब्रिगेडबरोबर उभी राहिली. पाणी तुटपुंजे, जमीन खडकाळ, खंदक उथळ. जपानी सैन्याला तेथे काही दिवस रोखून धरले गेले, आणि इंफाळ व कोहिमा यांच्या बचावाला तेवढी उसंत मिळाली. या लढाईची मांडणी करणारा मराठा सैनिकाला कोंबडा लावतो. ते योग्यच आहे.

तोच कोंबडा दीड वर्षाने जावा बेटावर उतरला. २५ ऑक्टोबर १९४५ रोजी ४९ वी ब्रिगेड सुराबाया बंदरात दाखल झाली. जपानने शरणागती पत्करली होती, इंडोनेशियाने स्वातंत्र्य घोषित केले होते, आणि जुने डच राज्यकर्ते परतण्याच्या बेतात होते. काही दिवसांतच शहर पेटले. ३० ऑक्टोबरला ब्रिगेडियर मॅलबी मारले गेले. मराठा जवानांसमोर आता जपानी नव्हते. समोर होते स्वतःच्या देशासाठी लढणारे इंडोनेशियन तरुण.

त्या काळात साताऱ्यात काय चालले होते? १९४३ पासून क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार गावोगाव न्यायनिवाडे करीत होते. जून १९४३ मध्ये कऱ्हाड तालुक्यातील शेणोलीजवळ तुफान सेनेने सरकारी पगाराची रक्कम नेणारी आगगाडी लुटली होती. ज्या जिल्ह्यातून इंग्रजांच्या पलटणी भरत होत्या, त्याच जिल्ह्यात इंग्रजांचा अंमल झुगारला जात होता. सैनिकांवर याचा दोष ठेवणे अन्यायाचे होईल. पलटण कोठे पाठवायची हे त्यांच्या हाती नव्हते. पण सुराबायाची मांडणी टेबलावर क्वचितच दिसते, सांगशाक आणि कोहिमा मात्र वारंवार दिसतात, हेही नोंदवायला हवे.

ट्रान्सफरच्या पानावर या दोन लढायांसाठी दोन चिन्हे नसतात. कोंबडा एकच.

जुन्या कागदांतून आपल्या गावचा जवान शोधणाऱ्यांसाठी एक तपशील. १९४४ साली तासगाव, वाळवा, खानापूर हे तालुके सातारा जिल्ह्यातच होते. १९४९ मध्ये त्यांचा दक्षिण सातारा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. त्यामुळे आजच्या सांगली जिल्ह्यातील वाळव्याचा किंवा तासगावचा जवान त्या काळच्या नोंदीत ‘जिल्हा सातारा’ याच शब्दांखाली सापडेल.