निकालावरचें अनुदान

अमरावती जिल्ह्यांतील रिद्धपूर हें महानुभावांचें मोठें क्षेत्र. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनीं गांवोगांव हिंडून, ज्यांनीं प्रत्यक्ष पाहिलें वा ऐकिलें त्यांनाच विचारून चक्रधरस्वामींच्या आठवणी जमविल्या. त्यांचा 'लीळाचरित्र' हा ग्रंथ येथेंच सिद्ध झाला. एका माणसाचें चरित्र सांगावयास साक्षी किती लागतात, हें या गांवानें पाहिलेलें आहे. पुढें जवळजवळ सहाशें वर्षांनीं शाळामास्तरांची पारख मात्र एका दिवसाच्या परीक्षेनें होऊं लागली.

ही युक्ति विलायतेची. १८६२ सालीं रॉबर्ट लो यांच्या नियमावलीनें इंग्लंडांतील शाळांचें अनुदान मुख्यतः वाचन, लेखन व गणित यांच्या वार्षिक परीक्षेवर बसविलें. मूल ज्या विषयांत नापास, त्या विषयाचे पैसे कापले जात. कवि मॅथ्यू आर्नोल्ड त्या वेळीं शाळातपासनीस होते. या रीतीनें शिकवणें यांत्रिक होतें, अशी तक्रार त्यांनीं आपल्या अहवालांतून केली. तरीहि मुंबई व मद्रास इलाख्यांत तीच रीति उचलली गेली. १८८२ च्या हंटर कमिशननें प्राथमिक शाळांसाठीं ती पसंत केली आणि कॉलेजांना मात्र लावूं नये असें म्हटलें! मोठ्यांना जें जाचक, तें लहानांना मानवेल असा हा विचित्र न्याय.

याच कमिशनपुढें जोतीराव फुल्यांनीं निवेदन दिलें होतें. ज्या खेड्यांतल्या शिक्षकाचीं पुष्कळ मुलें उत्तीर्ण होतील त्यास पगाराशिवाय कांहीं भत्ता मिळावा, असें त्यांनींही सुचविलें; परंतु शिक्षकाचा पगार बारा रुपयांहून कमी नसावा, हेंही सांगितलें. भेद बारीक दिसतो, पण आहे मोठा. भत्ता बुडाला तर हुरूप जातो. अनुदान बुडालें तर चूल विझते. आणि चुलीसाठीं शिकविणारा मास्तर कच्च्या पोराकडे लक्ष देण्याऐवजीं त्याला परीक्षेपासूनच दूर ठेवील, यांत नवल तें काय?

वऱ्हाडांत कापूसवेचणीच्या दिवसांत मजुराचें पोर शेतांत असतें, पाटलाचें पोर शाळेंत. दोघांना एकच प्रश्न विचारले कीं गुण समोर येतात. कोण कोठून निघालें होतें, तें येत नाहीं. मास्तराचे कष्ट मोजावयाचे तर वर्षाच्या आरंभींचीही मोजणी हवी होती, आणि ती त्या पद्धतींत नव्हती.

१९०४ च्या हिंदुस्थान सरकारच्या शिक्षणविषयक ठरावानंतर ही रीति मागें पडली. २००५ सालीं सुरू झालेली 'असर' ही पाहणी खेड्यांत घरोघरीं जाते, मुलाच्या शेजारीं बसून त्याला परिच्छेद वाचावयास लावते आणि जिल्ह्याची स्थिति सांगते. कोणा एका मास्तराचा निकाल ती लावीत नाहीं.