स्वस्त ग्राफिक्स कार्डाचे मोल : काटछाटीचा इतिहास

अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षातला विद्यार्थी गेमिंगसाठी ग्राफिक्स कार्ड घ्यायला निघतो, तेव्हा त्याच्या हातात घरून ठरवून मिळालेली रक्कम असते. ते कार्ड पदवी मिळेपर्यंत चालावे, एवढीच अपेक्षा असते. निवड चुकली तर बदलून घेण्याची सोय बहुतेकांना नसते. अशा वेळी त्याला एकच सूत्र सांगितले जाते : किंमत भागिले दर सेकंदाला मिळणाऱ्या फ्रेम. हे सूत्र चुकीचे नाही, पण अपुरे आहे. ते का अपुरे आहे, हे या कार्डांच्या जवळपास तीस वर्षांच्या इतिहासातून समजते.

मूळ मुद्दा साधा आहे. स्वस्त कार्ड हे बहुधा मोठ्या कार्डात काटछाट करून तयार होते. काय कापले आहे आणि ते आपल्या वापराच्या आड येते का, यावर त्याचे मोल ठरते.

न बोचणारी काटछाट : १९९६

३डीएफएक्स कंपनीची व्हूडू ग्राफिक्स ही चिप १९९६ मध्ये आली. त्याच सुमारास मेमरीचे भाव कोसळले होते, म्हणून आधी महागड्या यंत्रांपुरते असलेले त्रिमिती चित्रण सुमारे ३०० डॉलरच्या कार्डावर शक्य झाले. हे कार्ड फक्त त्रिमिती काम करत असे. पडद्यावरच्या नेहमीच्या कामासाठी दुसरे कार्ड लागे आणि दोन्ही कार्डे बाहेरून केबलने जोडावी लागत. म्हणजे येथेही एक महत्त्वाचा भाग गाळलेला होता. पण ग्राहकाच्या संगणकात साधे कार्ड आधीपासूनच असे, त्यामुळे गाळलेल्या भागाची उणीव त्याला भासली नाही. चांगली काटछाट ती हीच.

बँडविड्थची काटछाट : २०००

एनव्हिडियाचे जीफोर्स २ एमएक्स २००० साली सुमारे १२० डॉलरला आले. थोरल्या जीफोर्स २ जीटीएसमध्ये चार पिक्सेल पाइपलाइन होत्या, एमएक्समध्ये दोन. मोठा फरक मेमरीत होता. १२८ बिट रुंदीची, १६६ मेगाहर्ट्झची साधी एसडीआर मेमरी घेतली, तर हिशेब असा येतो : १६ बाइट × १६६ दशलक्ष = सेकंदाला सुमारे २.७ गिगाबाइट. जीटीएसमध्ये डीडीआर मेमरी असल्याने हाच आकडा दुप्पट, ५.३ होता.

याचा परिणाम असा झाला की ८०० × ६०० पडद्यावर, १६ बिट रंगांत खेळणाऱ्याला एमएक्स उत्तम वाटे. पडदा मोठा केला आणि रंग ३२ बिट केले की ते दमून जाई. कार्ड तेच, पण दोन ग्राहकांना त्याचे मोल वेगवेगळे. ज्याच्याकडे १५ इंची मॉनिटर होता, त्याच्यासाठी हा सौदा फायद्याचा होता.

क्षमतेची काटछाट : २००२

२००१ च्या जीफोर्स ३ मध्ये प्रोग्रॅम करता येणारे शेडर आले. शेडर म्हणजे प्रत्येक बिंदूचा रंग कसा काढायचा हे सांगणारी छोटी आज्ञावली. पुढच्याच वर्षी जीफोर्स ४ एमएक्स बाजारात आले. नावात ४ असले, तरी आतली रचना जीफोर्स २ च्या वळणाची होती आणि पिक्सेल शेडर त्यात नव्हतेच.

त्या दिवशीच्या गेमवर चाचणी घेतली तर एमएक्स बरे दिसे. पण २००३ च्या अखेरीस आलेला ‘डेअस एक्स : इनव्हिजिबल वॉर’ हा गेम पिक्सेल शेडरशिवाय चालतच नसे. वेग कमी पडला तर चित्राचा दर्जा उतरवून भागवता येते, क्षमताच नसेल तर काहीच करता येत नाही. आजच्या चाचणीचा आकडा उद्याच्या गेमबद्दल गप्प असतो, हा धडा या कार्डाने दिला.

मोजपट्टी बदलली : २०११

बराच काळ चाचण्या सरासरी फ्रेमसंख्येवर थांबत. २०११ मध्ये ‘द टेक रिपोर्ट’ने प्रत्येक फ्रेमला लागणारा वेळ मोजून मांडायला सुरुवात केली आणि पुढे ही पद्धत रुळली. उदाहरण घेऊ. एका कार्डाने सेकंदात ६० फ्रेम दिल्या, प्रत्येकीला सुमारे १६.७ मिलिसेकंद. दुसऱ्याने ५९ फ्रेम ९०० मिलिसेकंदांत उरकल्या आणि साठाव्या फ्रेमला १०० मिलिसेकंद घेतले. दोघांची सरासरी ६० च. पण दुसऱ्या कार्डावर खेळताना ठेच लागल्यासारखे होते आणि नेमका त्याच क्षणी नेम चुकतो. स्वस्त कार्डांची मेमरी कमी असते. ती भरून वाहू लागली की अशा ठेचा वाढतात आणि सरासरी त्या झाकून टाकते.

नाव तेच, वस्तू वेगळी : २०१८ आणि २०२२

जीटी १०३० हे २०१७ चे छोटे कार्ड. त्यात ६४ बिट रुंदीची जीडीडीआर५ मेमरी होती, बँडविड्थ सेकंदाला ४८ गिगाबाइट. २०१८ मध्ये त्याच नावाने डीडीआर४ मेमरीची आवृत्ती आली आणि बँडविड्थ १६.८ वर उतरली. अनेक गेममध्ये वेग निम्म्याच्या आसपास आला. खोक्यावरचे मोठे अक्षर मात्र तेच राहिले. काटछाट हा अभियांत्रिकीचा प्रामाणिक निर्णय असू शकतो. ती नावाआड लपवली की ग्राहकाचा विश्वास कापला जातो.

एएमडीचे आरएक्स ६५०० एक्सटी जानेवारी २०२२ मध्ये १९९ डॉलरला आले. मेमरी ४ गिगाबाइट, आणि मदरबोर्डशी जोडणी पीसीआय एक्सप्रेस ४.० च्या फक्त चार मार्गिकांची, म्हणजे सेकंदाला जेमतेम ८ गिगाबाइट. ३.० च्या मदरबोर्डवर ही वाट निम्मी होते. मेमरी भरल्यावर राहिलेली चित्रे याच वाटेने यायची, म्हणून फटका दुहेरी बसे. स्वस्त कार्ड घेणाऱ्याचा संगणक बहुधा जुनाच असतो. म्हणजे येथे कात्री नेमक्या गिऱ्हाइकाच्या अंगावर चालली.

इंटेलच्या आर्क बी५८० (डिसेंबर २०२४, २४९ डॉलर) मध्ये मेमरी १२ गिगाबाइट आहे, या किमतीत ती उदार म्हणावी लागेल. जुन्या प्रोसेसरसोबत मात्र काही गेममध्ये त्याचा वेग बराच घसरतो, कारण ड्रायव्हरचा मोठा भार प्रोसेसरवर पडतो. तेव्हा कार्डाची चाचणी कोणत्या संगणकावर झाली, हेही पाहिले पाहिजे.

आपल्याकडचा हिशेब

वर दिलेल्या डॉलरमधल्या किमती अमेरिकेतल्या असून त्यांत तिथला विक्रीकर धरलेला नसतो. आपल्याकडे १८ टक्के जीएसटी आणि वितरकाचा नफा धरून भाव ठरतो आणि प्रत्येक कार्डाच्या बाबतीत ही वाढ सारखी नसते. म्हणून परदेशी चाचणीत ‘सर्वांत किफायतशीर’ ठरलेले कार्ड नेहरू प्लेस, लॅमिंग्टन रोड किंवा एस. पी. रोडवर तसे ठरेलच असे नाही. भागाकार करायचाच, तर आपल्या गावात मिळणाऱ्या भावाने करावा.

भागाकारात संपूर्ण खर्चही धरावा. २०१४ चे जीटीएक्स ७५० टीआय जेमतेम ६० वॉट घेई. मदरबोर्डचा स्लॉटच ७५ वॉटपर्यंत वीज देतो, त्यामुळे बहुतेक ७५० टीआय कार्डांना वेगळी वीजजोडणी लागत नसे. कार्यालयातून निवृत्त झालेल्या संगणकात ते तसेच बसे. त्याहून वेगवान कार्डासाठी नवा एसएमपीएस घ्यावा लागला, तर ते पैसे कार्डाच्याच खात्यावर मांडायला हवेत.

सारांश, कार्ड निवडताना चार प्रश्न क्रमाने विचारावेत. मोठ्या कार्डातून काय कापले आहे? ते माझ्या पडद्याच्या, गेमच्या आणि मदरबोर्डच्या आड येते का? चाचणीत फ्रेमचा वेळ दिला आहे की नुसती सरासरी? आणि कार्ड माझ्या संगणकात चालू होईपर्यंत एकूण किती रुपये जातील? ही उत्तरे मिळाल्यावर केलेला भागाकार खरोखर कामाचा असतो.

स्वाध्याय

१. १२८ बिट रुंदी आणि प्रत्येक तारेवर सेकंदाला १४ गिगाबिट वेग असलेल्या मेमरीची बँडविड्थ काढा. रुंदी ६४ बिट केल्यास काय होईल?

२. आपल्या किंवा मित्राच्या संगणकातील मदरबोर्ड, एसएमपीएस आणि मॉनिटर यांची नोंद करा. त्यांना चालेल अशी काटछाट कोणती आणि न चालणारी कोणती, ते कारणांसह लिहा.